बॅटरीची तार काढली म्हणजे एअरबॅग झोपली असे नव्हे : गाडीच्या विजेच्या कामातील काळजी

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) :

नमस्कार मंडळी. मी चिपळूणला लहानसे गॅरेज चालवतो आणि वायरिंगचे काम स्वतः करतो. हा धागा काढण्यामागे २०१६ सालची एक घटना आहे. त्या वेळी मी पुण्यातील एका गॅरेजमध्ये नोकरीला होतो. एका गाडीचा हॉर्न वाजत नव्हता आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा सतत जळत होता. हॉर्नची तक्रार कामाच्या कागदावर लिहिली गेली, दिव्याची कोणी लिहिली नाही. आमच्या हेल्परने चावी ‘ऑन’ ठेवून, स्टेअरिंगखालचे झाकण उघडून, टेस्टिंग लॅम्पने एकेक वायर तपासायला सुरुवात केली. लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या प्लसला होते आणि सुई हॉर्नच्या वायरीऐवजी शेजारच्या, एअरबॅगच्या पिवळ्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) मागच्या बाजूने शिरली. त्याच क्षणी एअरबॅग फुटली. मुलाचे मनगट मोडले, हाताच्या आतल्या बाजूची कातडी भाजली आणि पुढचे काही आठवडे त्याच्या डाव्या कानात शिटी वाजत राहिली.

नंतर स्टेअरिंग उतरवल्यावर कारण दिसले. स्टेअरिंग फिरत असताना हॉर्न आणि एअरबॅग या दोघांची जोडणी कायम ठेवणारी जी गुंडाळलेली पट्टी असते, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, ती तुटलेली होती आणि तिचे एक टोक लोखंडाला टेकत होते. हॉर्न त्यामुळेच बंद होता, दिवा त्यामुळेच जळत होता, आणि लॅम्पमधून आलेल्या प्रवाहाला परतीची वाटही त्यामुळेच मिळाली. हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू अशी जोडी दिसली की पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यायचा, एवढे जरी आम्ही त्या दिवशी ओळखले असते तरी त्या मुलाचा हात वाचला असता.

टेस्टिंग लॅम्पबद्दल एक हिशेब सांगतो, कारण तो गॅरेजमध्ये सहसा कोणी शिकवत नाही. आपण बहुतेक जण इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून लॅम्प बनवतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो. एअरबॅगच्या आतली ठिणगी पाडणारी बारीक तार पेटायला साधारण १.२ अँपिअर प्रवाह अवघे दोन मिलिसेकंद पुरतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत असे कित्येक दोन मिलिसेकंद निघून जातात. म्हणून पिवळ्या आवरणाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला की टेस्टिंग लॅम्प खाली ठेवावा. मल्टिमीटरने त्या तारेचा रोध मोजण्याचा मोहही टाळावा, कारण मीटरही आपल्या बॅटरीतून प्रवाह सोडतो आणि प्रत्येक मीटर किती सोडतो हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. ही तपासणी स्कॅनरनेच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले दोष वाचणाऱ्या यंत्रानेच करावी.

माझी विनंती आहे की या धाग्यावर प्रत्येकाने आपापल्या कामातील अनुभव लिहावेत. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या सीटचीही एअरबॅग सक्तीची झाली आहे. सर्वांत स्वस्त गाडी दारात आली तरी तिच्या आत निदान दोन स्फोटके आहेत, हे आता गावातल्या गॅरेजनेही धरून चालायला हवे.

कृष्णाकाठचा_मिस्त्री :

दादा, घटना वाचून वाईट वाटले. पण मला एक प्रामाणिक शंका आहे. मी सांगलीत वीस वर्षे काम करतो आहे. चावी बंद करायची, बॅटरीचे मायनस काढायचे आणि लगेच स्टेअरिंगला हात घालायचा, अशीच आमची पद्धत आहे. आजवर एकही एअरबॅग फुटलेली नाही. बॅटरी सुटल्यावर वीज येणार कुठून?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) :

मिस्त्री, वीज एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधूनच, म्हणजे एअरबॅग कधी उघडायची ते ठरवणाऱ्या डब्यातूनच येते. अपघातात कित्येकदा पहिल्या धडकेतच बॅटरी चेपते किंवा तिची तार तुटते. तरीही एअरबॅग उघडली पाहिजे, म्हणून त्या युनिटमध्ये वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर बसवलेला असतो. टाकीचा नळ बंद केला तरी पाइपात पाणी उरते, तशी ही उरलेली वीज आहे. ती ओसरायला वेळ द्यावा लागतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. टोयोटाच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत ९० सेकंद लिहिलेले आढळते, होंडाच्या पुस्तकांत ३ मिनिटे. मी स्वतः कोणतीही गाडी असो, घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे थांबतो. तेवढ्या वेळात पाने काढून ठेवता येतात आणि दिवसभर जे कधी वाचून होत नाही ते पुस्तकातले पान वाचून होते.

वीस वर्षांत काही झाले नाही याचे एक कारण कपलरची रचना हेही आहे. एखादा जुना पिवळा कपलर सोडवून उजेडात धरून पाहा. आतल्या दोन पिनांवर तांब्याची एक पातळ, किंचित वाकलेली पट्टी टेकलेली दिसेल. कपलर जोडलेला असताना समोरच्या भागाची प्लास्टिकची जीभ ती पट्टी वर उचलून धरते. कपलर सुटला की पट्टी खाली येते आणि दोन्ही पिना आपसांत जोडून टाकते, म्हणजे बाहेरचा भरकटलेला प्रवाह ठिणगीच्या तारेपर्यंत पोहोचू नये. ही पट्टी तुम्हाला वीस वर्षे सांभाळत आली आहे. मात्र २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पूर आला, त्यानंतर आलेल्या बुडालेल्या गाड्यांमध्ये मी सीटखालचे कपलर उघडले तेव्हा त्या पट्टीवर हिरवा गंज चढलेला होता आणि बोटाने दाबली तर ती परत उसळत नव्हती. तुमच्याकडेही २०१९ आणि २०२१ चे पूर होऊन गेले आहेत. तशा गाडीत त्या पट्टीच्या भरवशावर हात घालू नका.

कृष्णाकाठचा_मिस्त्री :

पटले. पुराच्या गाडीबद्दल आपण म्हणता ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, पण त्याचा अर्थ आज कळला. कपॅसिटरची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. उद्यापासून दहा मिनिटे थांबेन आणि पोरांनाही थांबवीन.

पुराच्या गाडीत मी जे करतो ते येथे लिहितो. चिखल धुण्याआधी चावी फिरवू देत नाही, मालक कितीही घाई करो. पहिल्यांदा मायनस सोडतो, मग प्लस, आणि बॅटरी गाडीबाहेर काढूनच ठेवतो. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे युनिट दोन सीटांच्या मध्ये, जमिनीलगत, गिअरच्या पुढे असते, त्यामुळे गुडघाभर पाणी आत शिरले तरी ते बुडते. ते वाळवून परत वापरू नये, बदलूनच टाकावे, असे माझे मत आहे.

मृद्गंध :

मी गॅरेजच्या क्षेत्रातील नाही, सामान्य गाडीमालक आहे, तरी विचारते. माझ्या २०१४ च्या हॅचबॅकची सीटे आतून धुऊन घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून एअरबॅगचा दिवा जळू लागला. जवळच्या एका गॅरेजने स्कॅनर न लावताच सांगितले की काही विशेष नाही, थोड्या पैशांत दिवा बंद करून देतो. मी होकार दिलेला नाही. दिवा जळत असताना एअरबॅग चालते का? आणि ते ‘दिवा बंद करणे’ म्हणजे नेमके काय करतात?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) :

ताई, होकार दिला नाहीत हे फार बरे केलेत.

चावी ‘ऑन’ केल्यावर तो दिवा पाच-सात सेकंद लागतो आणि मग विझतो, ही निरोगी खूण आहे. त्या वेळात युनिट आपल्या सगळ्या तारा तपासून घेते. दिवा विझला नाही तर युनिटला कुठेतरी दोष सापडला आहे, आणि अशा वेळी धडकेत एअरबॅग उघडेलच असे धरता येत नाही. आपल्या बाबतीत सीट पुढे-मागे करताना किंवा पाणी गेल्याने सीटखालचा पिवळा कपलर सैल झाला असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे. सीटबेल्ट अपघातात क्षणात आवळून धरणारे जे यंत्र असते, त्यातही तसलेच स्फोटक असते आणि त्याच्या वायरी पुष्कळदा तिथूनच जातात. म्हणून तो कपलर स्वतः हाताने दाबून पाहू नका, विशेषतः चावी ‘ऑन’ असताना.

दिवा बंद करण्याचे दोन प्रकार मी पाहिले आहेत. एकात एअरबॅगच्या जागी साधा रोध बसवतात, म्हणजे युनिटची समजूत होते की एअरबॅग जागेवर आहे. दुसऱ्यात डॅशबोर्डमागे दिव्याचीच जोडणी तोडतात किंवा ती ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे दोन्ही दिवे एकदम लागतात आणि एकदम विझतात. गाडी चालवणाऱ्याला वाटते की आपल्यापुढे एअरबॅग आहे, आणि समोर असतो नुसता प्लास्टिकचा डबा. हे काम करणाऱ्या माणसाला मी कारागीर म्हणणार नाही. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याच्यापासूनच तो धोका लपवून ठेवतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. चावी फिरवताना एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, किंवा दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या जोडीनेच लागला-विझला, तर सौदा थांबवून आधी स्कॅनर लावून घ्यावा.

नारिंगी_वायर :

मी पुण्याजवळ विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांच्या दुरुस्तीत काम करतो. मायनस काढून थांबण्याच्या नियमात दोन भर घालू इच्छितो.

पहिली गोष्ट, गाडीत एकच बॅटरी आहे असे गृहीत धरू नये. मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत नेहमीच्या बॅटरीबरोबर दुसरी लहान लिथियम-आयन बॅटरीही असते. एक सोडली आणि दुसरी राहिली तर दहा मिनिटे थांबण्याला काही अर्थ उरत नाही. त्याचप्रमाणे घड्याळ आणि रेडिओची सेटिंग पुसली जाऊ नये म्हणून काही जण सिगारेट लायटरच्या जागेत छोटी बॅटरी लावून ठेवतात. एअरबॅगच्या कामात ते मुळीच करू नये, कारण त्यातून युनिटला वीज मिळतच राहते.

दुसरी गोष्ट, विजेवरच्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असतेच, पण गाडी चालू स्थितीत असताना तिला मोठ्या बॅटरीकडून वीज मिळत असते. अशा वेळी १२ व्होल्टचे टर्मिनल काढले तरी यंत्रणा चालूच राहते. म्हणून आधी गाडी पूर्ण बंद करावी, चार्जिंगची नळी काढावी, स्मार्ट चावी गाडीपासून लांब ठेवावी आणि मगच टर्मिनलला हात लावावा.

नारिंगी आवरणाच्या जाड केबलबद्दल मात्र स्पष्ट सांगतो : ज्याने रीतसर प्रशिक्षण घेतले नाही त्याने ती सोडवू नये. त्या केबलमध्ये शेकडो व्होल्टचा डी.सी. दाब असतो आणि तेथे चूक सुधारायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. आम्ही १००० व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे घालतो, आणि घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत आतली हवा बोटांकडे दाबून पाहतो. सुईएवढे भोक असले तरी बोटाचा फुगा खाली बसतो आणि तो जोड बाद होतो. सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा खटका, काढला की तो आम्ही स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे दुसरा कोणी तो परत बसवू शकत नाही. त्यानंतर पुस्तकात लिहिलेली पाच किंवा दहा मिनिटे थांबतो आणि मीटरने शून्य पाहतो. ते शून्य पाहण्याच्या आधी आणि नंतर, चालू असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या बॅटरीवर मीटर लावून तो ठीक आहे ना हे पाहतो. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

पत्र्याचे_काम :

मी डेंटिंग-पेंटिंगचा. आमच्या कामात एअरबॅगचा संबंध नाही असे पुष्कळांना वाटते, पण तो फार जवळचा आहे. छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असलेल्या गाडीत दाराच्या वरचे अस्तर काढायचे असो किंवा पुढच्या चॅसीला वेल्डिंग करायचे असो, मी आधी बॅटरी सोडतो, एअरबॅगच्या युनिटचा कपलर काढून घेतो आणि वेल्डिंगची अर्थ-क्लिप टाक्याच्या अगदी जवळ लावतो, म्हणजे प्रवाह साऱ्या गाडीभर हिंडत नाही. पुढच्या सेन्सरजवळ हातोडा मारायची वेळ आली तर चावी बंद आहे एवढ्यावर समाधान मानत नाही. सेन्सर उतरवूनच ठेवतो आणि परत बसवताना त्यावरचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला आहे ना ते पाहतो.

धागाकर्त्यांना एक विचारतो. उतरवलेली, न फुटलेली एअरबॅग ठेवायची कशी? आमच्याकडे ती कोपऱ्यात कुठेही पडलेली असते.

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) :

अर्थ-क्लिपचा मुद्दा फार मोलाचा आहे, धन्यवाद.

उतरवण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज सोडून द्यावी. हिवाळ्यात नायलॉनच्या सीटवरून उठल्यावर ती चांगलीच साठते. उचलून नेताना एअरबॅगची शोभेची बाजू, म्हणजे जिच्यावर कंपनीचे चिन्ह असते ती, आपल्या अंगापासून बाहेरच्या दिशेला ठेवावी आणि वायरींना धरून उचलू नये. टेबलावर ठेवताना तीच बाजू वर असावी आणि तिच्यावर काहीही ठेवू नये. चुकून पेटलीच तर पिशवी मोकळ्या हवेत उघडते. उलटी ठेवली तर संपूर्ण डबा छतापर्यंत उडतो. भट्टी, हीट गन आणि उन्हातला पत्रा यांपासून तिला दूर ठेवावे, आणि कुलूप असलेल्या कपाटात ठेवावे.

फुटलेली एअरबॅग काढताना हातमोजे आणि चष्मा घालावा. पिशवीवरची पांढरी धूळ डोळ्यांना झोंबते आणि कातडीला खाज आणते. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि न फुटलेली एअरबॅग भंगारवाल्याला कधीही देऊ नये. तो ती हातोड्याने फोडणार किंवा जाळात टाकणार आणि कदाचित त्याचे लहान मूल शेजारी बसलेले असणार.

ह्यूस्टनहून :

मी मूळचा रत्नागिरीचा, आता टेक्सासमध्ये राहतो. भंगारातून आणलेली एअरबॅग दुसऱ्या गाडीत बसवण्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण बहुतेकांना ठाऊक असेल. त्यांच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे पिशवी फुगवणाऱ्या धातूच्या डब्यात, अमोनियम नायट्रेट होते आणि अनेकांत ओलावा शोषणारा पदार्थ घातलेला नव्हता. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून त्या दारूच्या वड्या खराब होतात, पेटल्यावर नको तितक्या वेगाने जळतात, आणि धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या गळ्यावर आणि चेहऱ्यावर उडतात. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. इथे आमच्या आखाताच्या किनाऱ्याची राज्ये आणि फ्लोरिडा सर्वांत धोक्याची मानली गेली, कारण हवा अशीच, कोकणासारखी. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी या कारणासाठी गाड्या परत बोलावून इन्फ्लेटर विनामूल्य बदलून दिले.

आपल्या गाडीचा चॅसी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात. मात्र भंगारातून आलेली एअरबॅग कोणत्या गाडीतून निघाली, ती परत बोलावलेल्यांपैकी होती का, पुरात बुडाली होती का, हे तिच्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. मुंबई-कोकणातील गॅरेजवाल्यांनी तर ती बसवूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घाटरस्ता :

एअरबॅगच्या चर्चेत साध्या वायरिंगचा विषय मागे पडू नये म्हणून लिहितो. मी आंबा घाटातून रात्री बरेच जा-ये करतो. पूर्वी हेडलाइटचे ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० वॅटचे बसवले होते, तेही मूळच्याच वायरीवर. एका रात्री स्विचच्या जागेतून जळका वास आला. हे कशामुळे झाले असावे?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता) :

१२ व्होल्टवर ६० वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर घेतात, १०० वॅटचे दोन साडेसोळाच्या वर जातात. कंपनीने वायर, स्विच आणि फ्यूज पहिल्या हिशेबाने दिलेले असतात. तिथे पुढे काय होते तेही सांगतो : लाल, १० अँपिअरचा फ्यूज वारंवार जातो, मग कोणीतरी त्याच्या जागी हिरवा, ३० अँपिअरचा बसवतो, आणि त्यानंतर फ्यूज जात नाही, वायर जळते. फ्यूज ज्या रंगाचा निघाला त्याच रंगाचा बसवावा आणि तो का गेला ते शोधावे. जास्तीचा दिवा किंवा हॉर्न हवाच असेल तर स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घालून, वीज बॅटरीपासून घ्यावी. आणि ती वायर ओढताना पिवळ्या वायरीच्या जुडग्यातून किंवा खांबाच्या अस्तरामागून नेऊ नये. अस्तरामागे घुसवलेली कॅमेऱ्याची वायर पडदा-एअरबॅगच्या वाटेत आडवी आलेली मी दोनदा सोडवली आहे.

बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. प्लसचा नट सोडवताना मायनस जागेवरच असेल आणि पाना बॉडीला टेकला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी क्षणात लाल होते. म्हणूनच मायनस आधी सुटते आणि शेवटी बसते.

मृद्गंध :

कळवायला उशीर झाला. मी गाडी दुसऱ्या ठिकाणी नेली आणि हा धागा त्यांना दाखवला. त्यांनी प्रथम स्कॅनर लावला, तेव्हा चालकाच्या सीटबेल्टच्या यंत्राचा दोष दिसला. मग मायनस काढून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दहा मिनिटे थांबले आणि सीट उचलली. कपलरमध्ये पाणी गेलेले होते आणि पिना हिरवट झाल्या होत्या. वायर कापून सांधा देण्याऐवजी त्यांनी सीटखालचा वायरिंगचा तो तुकडाच नवा मागवून बसवला. बॅटरी जोडताना मला आणि मुलाला गाडीतून बाहेर उभे केले, आणि चावी त्यांनी दारातून हात घालून, स्टेअरिंगच्या समोर न बसता फिरवली. दिवा लागला, मी मनात सहा मोजले, आणि तो विझला.